आगगाडीतून जहाजात: सुपीरियरच्या कोळसा धक्क्यावर नेमकं काय चालतं?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सुपीरियर नावाचं शहर आहे. त्याच नावाच्या सरोवराच्या पार पश्चिम टोकाला. खाडीपलीकडे मिनेसोटा राज्यातलं डुलुथ. राज्यं दोन, शहरं दोन, पण बंदर एकच. या बंदरात १९७६ साली एक धक्का सुरू झाला. तिथे गाड्या भरून कोळसा येतो आणि जहाजं भरून कोळसा जातो. गंमत अशी की ज्या खाणीतून तो निघतो ती हजार किलोमीटरहून लांब, आणि ज्या बॉयलरमध्ये तो जळतो तेही जवळपास तेवढंच लांब. सुपीरियरमध्ये हा कोळसा फक्त गाडी बदलतो.

मग मध्येच गाडी बदलायची कशाला? खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत थेट रेल्वेने का न्यायचा नाही?

त्यासाठी नकाशा बघावा लागतो. कोळसा निघतो वायोमिंग आणि मोंटाना राज्यांतल्या पावडर रिव्हर खोऱ्यातून. तो हवा असतो मिशिगन राज्याच्या पूर्व काठावर, सेंट क्लेअर नदीशेजारच्या वीजकेंद्रांना. मध्ये सुपीरियर, मिशिगन आणि ह्युरॉन ही तीन अवाढव्य सरोवरं आडवी पडलेली आहेत. रेल्वेने जायचं तर मिशिगन सरोवराला खालून वळसा घालून शिकागोच्या गर्दीतून गाडी काढावी लागते. पाण्याने गेलं तर सुपीरियरला जहाज भरायचं आणि हजार-अकराशे किलोमीटरवर थेट वीजकेंद्राच्या दारात उभं करायचं, वाटेत एकही फाटक नाही. शिवाय एक टन माल तेवढंच अंतर न्यायला सरोवरातल्या मोठ्या जहाजाला रेल्वेच्या साधारण एक तृतीयांश इंधन पुरतं. थोडक्यात, पाणी दिसलं की माल पाण्यात उतरवायचा, हा जुना व्यापारी हिशेब इथेही लागू पडतो.

पण त्यातही पूर्वी दिशा उलटी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच डुलुथ-सुपीरियर बंदरात कोळसा जहाजातून यायचा. ओहायोतल्या टोलेडो, सँडस्की, अॅश्टाब्युला अशा बंदरांवर पूर्वेकडच्या खाणींचा कोळसा जहाजात चढायचा. जहाजं तो घेऊन वर यायची आणि परतताना मिनेसोटाचं लोहखनिज घेऊन खाली पोलाद कारखान्यांकडे जायची. जाताना एक माल, येताना दुसरा, जमेल तेव्हा जहाज रिकामं जाऊ द्यायचं नाही. उत्तरेकडची थंडीतली घरं त्या कोळशावर ऊब घ्यायची.

मग चाक उलटं का फिरलं? कारण गंधक. १९७० साली अमेरिकेत हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला. पूर्वेकडच्या अनेक खाणींच्या कोळशात दोन-तीन टक्के गंधक. पावडर रिव्हरच्या कोळशात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीने (आजची डीटीई एनर्जी) पश्चिमेचा कोळसा घ्यायचं ठरवलं आणि तो आणायला स्वतःच्या उपकंपनीमार्फत हा धक्का बांधला. तेव्हापासून ज्या बंदरात कोळसा उतरायचा तिथे तो चढू लागला.

कोळशाचा हा स्वभाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. गंधक कमी, राखही कमी, साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे वीजकेंद्रात येणाऱ्या देशी कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राख असते, हे माहीत असलेल्या माणसाला हा आकडा वाचून हेवा वाटेल. पण यात ओलावा पाव भागाहून जास्त. किलोला पाच हजार किलोकॅलरीच्या आगेमागे उष्णता. आणि तो ठिसूळ आहे, लगेच भुगा होतो. स्वच्छ आणि स्वस्त खरा, पण हाताळायला कटकटीचा.

आता धक्क्यावर येऊ. लोकांना वाटतं, गाडी येते, कोळसा सरकत्या पट्ट्यावर पडतो, पट्टा जहाजात नेऊन टाकतो. तसं क्वचितच होतं. गाडी आणि जहाज यांचं वेळापत्रक कधीच जुळत नाही. एका गाडीत साधारण १२० वॅगन, प्रत्येकात शंभर टनांहून थोडा जास्त कोळसा, म्हणजे गाडीमागे सुमारे १३ हजार टन. आपल्याकडचा बॉक्स-एन (उघड्या) वॅगनचा रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, चार हजार टनांच्या आसपास असतो, म्हणजे ही एक गाडी आपल्या तीन रेकांएवढी. पण जहाजात बसतात ५५ ते ६० हजार टन. एक जहाज भरायला चार ते पाच गाड्या लागतात. जहाज एकदम येतं, भरून निघायच्या घाईत असतं. गाड्या एकामागून एक येतात, कधी खाणीत उशीर, कधी रुळावर. वर हिवाळा. सुपीरियर सरोवरातून खाली उतरायचा एकमेव मार्ग म्हणजे सू-सेंट-मेरीचे जलपाश, म्हणजे पाणी कमी-जास्त करून जहाज खाली-वर नेणारे दारांचे हौद. ते दरवर्षी १५ जानेवारी ते २५ मार्च बंद असतात. तेवढे दिवस जहाज बंद. रेल्वेला असली सुट्टी नाही.

म्हणून धक्क्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे गाडी आणि जहाज यांच्या मधला कोळशाचा ढीग. लाखो टनांचा. गाडी ढिगात रिती होते, जहाज ढिगातून भरतं. दोघांना एकमेकांची वाट बघावी लागत नाही. रिकामं उभं राहिलेलं जहाज किंवा अडकून पडलेली गाडी, दोन्हींचं भाडं आणि दंड मोजला की ढीग सांभाळण्याचा खर्च परवडतो. या धक्क्याबद्दल बाकी जे काही सांगायचं आहे ते या ढिगात माल घालणं, तो सांभाळणं आणि काढणं याबद्दलच आहे.

आधी घालणं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही औष्णिक केंद्राजवळ राहिलेल्यांनी वॅगन टिपलर ऐकलेला असतो. आपल्याकडे सहसा वॅगन सुट्या करतात, एकेक टिपलरवर घेतात, उलटतात, पुढे ढकलतात. सुपीरियरला वॅगन सुटी करतच नाहीत. अख्खी गाडी जोडलेलीच राहते आणि मधलीच वॅगन उलटते. हे कसं जमतं? प्रत्येक वॅगनच्या एका टोकाची कपलिंग आपल्या खोबणीत गोल फिरू शकते, दुसऱ्या टोकाची घट्ट असते. फिरणाऱ्या टोकाकडची बाजू वेगळ्या रंगात रंगवतात, म्हणजे गाडी जोडताना सगळ्या वॅगनची तोंडं एकाच दिशेला आहेत हे लांबूनच कळतं. एखादी उलट्या तोंडाने लागली तर दोन घट्ट टोकं समोरासमोर येतात, आणि उलटताना काहीतरी तुटतं.

वॅगन पोलादी पिंजऱ्यात येऊन थांबते. वरून पकडी बसतात आणि तिच्या कडा दाबून धरतात. पिंजरा रुळाच्या तुकड्यासकट फिरतो, जवळपास पूर्ण उलटा, दीडशे अंशांहून जास्त. शंभर टन कोळसा खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, एका दमात कोसळतो. पाण्याचे फवारे चालू, तरी काळा धुरळा उठतोच. पिंजरा परत सरळ होतो. रुळाशेजारचा एक यांत्रिक हात गाडीला बरोबर एका वॅगनच्या लांबीएवढं पुढे सरकवतो. गाडीचं इंजिन या कामात नसतंच, कारण दोन किलोमीटर लांब गाडी फुटाच्या हिशेबात नेमकी थांबवणं इंजिनाला जमत नाही. काही तासांत अख्खी गाडी रिकामी होऊन परतीला लागते.

हे उन्हाळ्यातलं झालं. जानेवारीत इथे पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश जातो, आणि पावडर रिव्हरच्या कोळशात पाव भागाहून जास्त पाणी आहे. हजार किलोमीटरच्या थंड प्रवासात तो वॅगनच्या भिंतींना थिजून चिकटतो. वॅगन उलटली तरी थोडा कोळसा वरच लटकून राहतो, आणि जो पडतो त्यात गोठलेले ढेकळे असतात, हॉपरच्या जाळीवर अडकणारे. उपाय म्हणून खाणीतच कोळशावर न गोठू देणारं रसायन फवारतात, नाहीतर धक्क्यावर गरम शेडमधून वॅगन काढतात, नाहीतर सरळ ढेकळे फोडतात.

धुळीचा त्रासही प्रवासातच सुरू होतो. २००५ साली वायोमिंगमधल्या मुख्य कोळसा मार्गावर लागोपाठच्या दोन दिवसांत दोन गाड्या रुळावरून घसरल्या. वॅगनमधून उडालेली भुकटी वर्षानुवर्षं रुळाखालच्या खडीत साचली होती, पाऊस पडला की तिचा चिखल होऊन खडीची पकड सुटायची. नंतर रेल्वेने नियम केला की वॅगनमधल्या कोळशाचा माथा ठरावीक गोलाईत भरायचा आणि वर पापुद्रा धरणारा द्रव फवारायचा.

आता ढीग सांभाळणं. हे मला या सगळ्या कारभारातलं सर्वात कठीण काम वाटतं, आणि याकडेच कमी लक्ष जातं. हा कोळसा आपोआप पेटतो. काडी, ठिणगी काहीही लागत नाही. कोळशाचा ताजा पृष्ठभाग हवेतला प्राणवायू ओढून घेतो आणि त्यात थोडी उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडली तर काही नाही. पण ढिगाच्या पोटात ती कोंडते, तापमान वाढतं, तापमान वाढलं की क्रिया आणखी वेगाने होते. ओल्या गवताची गंजी आतून धुमसते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, त्यातलाच हा प्रकार. कोळसा जितका कोवळा (जमिनीत कमी मुरलेला), जितका ओला, जितका भुगा, तितका हा स्वभाव जास्त. पावडर रिव्हरचा कोळसा या तिन्हींत वरचा.

मग काय करतात? कोळसा उंचावरून नुसता ओतत नाहीत. ओतलेल्या ढिगात मोठे तुकडे घरंगळून तळाशी जातात, बारीक वर राहतो, आणि तळाच्या पोकळ्यांमधून वारा आत शिरतो. चूल पेटवायची तर आपण हेच करतो, खालून हवा जाऊ देतो. म्हणून कोळसा थराथराने पसरतात आणि बुलडोझर त्यावरून फिरवून दाबतात, आत हवेला जागाच ठेवत नाहीत. आधी आलेला आधी काढायचा, जुना कोळसा तळाशी महिनोन्‌महिने पडू द्यायचा नाही. कुठून वाफ दिसली, वास आला, की तापमान मोजून ती जागा शोधायची. नवख्याला वाटेल, पाणी मारा. पण तापलेल्या ढिगावर पाणी मारलं की ते वरच्यावर एखाद्या वाटेने वाहून जातं, आतपर्यंत पोचत नाही, आणि जाताना हवेला नवी वाट करून देतं. खरा उपाय म्हणजे तेवढा भाग उकरून काढायचा, पसरून गार करायचा आणि पुन्हा दाबायचा. ढिगावर बुलडोझर चालवणाऱ्याने आतल्या पोकळ जळक्या जागेत मशीन खचणार नाही याची काळजी घ्यायची. हे काम हिवाळ्यात, सरोवरावर बर्फ असतानाही थांबत नाही.

एवढं सांभाळलेला कोळसा आता काढायचा. ढिगातून माल उचलून पट्ट्यावर घ्यायच्या जगभर दोन मुख्य पद्धती. एकात मोठ्या चाकावर बादल्या लावलेलं यंत्र ढीग कापत जातं, दुसऱ्यात ढिगाखाली बोगदा असतो आणि वरून कोळसा त्यातल्या पट्ट्यावर सोडतात. पट्ट्यावर वजनकाटा, वाटेत लोखंडाचा तुकडा ओढून घेणारं चुंबक, आणि नमुने काढणारं यंत्र. ग्राहकाला कुठल्या प्रतीचा कोळसा मिळाला यावर पैसे ठरतात, त्यामुळे या नमुन्यांवर दोन्ही बाजूंची नजर असते. कधी दोन खाणींचे कोळसे ठरावीक प्रमाणात मिसळूनच चढवतात, तेही इथेच.

जहाज भरायच्या वेळी इथला पट्टा तासाला दहा हजार टनांपर्यंत माल देऊ शकतो. ऐकायला सोपं, पण भरणाऱ्याचा खरा घोर पुढे आहे. ही जहाजं हजार फूट लांब. सरोवरांवर अशी तेराच आहेत, सगळी १९७० आणि ८० च्या दशकांतली. सर्वांत लांब पॉल आर. ट्रेगर्था, १९८१ साली पाण्यात उतरलेलं, १०१३ फुटांचं, आणि त्याचं बरंचसं आयुष्य हाच कोळसा वाहण्यात गेलं आहे. इतकं लांब पोलादी जहाज वाकतं. फक्त मध्यभागी माल टाकला तर पोट खाली झुकतं, टोकांना टाकला तर उलट. जास्त वाकवलं तर चिरतं. म्हणून जहाजाचा मुख्य अधिकारी आधीच आराखडा करतो: अमुक खणात इतके टन, मग त्या टोकाला इतके, मग परत इकडे, दोन-तीन फेऱ्यांत. धक्क्याप्रमाणे कुठे भरणी यंत्र सरकतं, कुठे जहाजच दोरांवर पुढेमागे करतात.

आणि जहाज रिकामं आलेलं नसतं. स्थिर राहण्यासाठी त्याने टाक्यांत हजारो टन पाणी भरून आणलेलं असतं. कोळसा आत येईल तसं ते पाणी बाहेर पंपायचं, कोळशाच्या वेगाने. पंप मागे पडला तर पट्टा थांबवावा लागतो. या पाण्याने एक वेगळीच पंचाईत केली आहे. खालच्या सरोवरांतलं पाणी इथे ओतलं जातं, त्यातून खालचे जीवही. सागरी जहाजांच्या अशाच पाण्यातून आलेला रफ नावाचा युरोपीय मासा १९८० च्या दशकात सरोवरांत पहिल्यांदा सापडला तो याच बंदरात. बहुतेक जहाजं रिकामी येऊन भरून जाणारं बंदर असलं की ते परक्या पाण्याचंही बंदर होतं.

शेवटचे काही हजार टन सर्वांत सावकाश. पुढचं आणि मागचं टोक किती बुडालं याच्या खुणा वाचून तोल साधायचा. प्रत्येक इंचाला अडीचशे टनांहून जास्त माल. वाटेतल्या उथळ जागी पाणी किती आहे हे बघून तेवढंच भरायचं. २०१३ च्या सुरुवातीला मिशिगन-ह्युरॉन सरोवरांची पातळी विक्रमी खाली गेली होती. पाणी असं उतरलं की जहाजांना मालाला जागा असूनही कमी भरून निघावं लागतं.

पुढचा प्रवास थोडक्यात. साधारण एक-सव्वा दिवसात सू-सेंट-मेरी. तिथे सुपीरियरचं पाणी ह्युरॉनपेक्षा सहा-साडेसहा मीटर उंच आहे, तेवढं जलपाशातून खाली उतरायचं. हजार फुटी जहाज फक्त पो नावाच्या जलपाशात बसतं. त्याची रुंदी ११० फूट, जहाजाची १०५. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट. हा एक जलपाश बंद पडला तर वरचं बहुतेक लोहखनिज आणि कोळसा अडकतो, म्हणून शेजारी तेवढाच दुसरा बांधायचं काम चालू आहे. वीजकेंद्राशी पोचल्यावर धक्क्यावर क्रेन लागत नाही. जहाजाच्या खणांचे तळच उतरते असतात, खाली पट्टा, आणि डेकवर अडीचशे फुटांचा हात. तो काठावर वळवायचा आणि कोळसा स्वतःच ओतून टाकायचा. सगळी गुंतागुंत भरणाऱ्या टोकाला ठेवली आहे, उतरवणाऱ्याकडे फक्त मोकळी जागा हवी.

मुरगावला आपल्याकडे याच्या बरोबर उलटं होतं. कोळसा जहाजातून येतो आणि रेल्वेने घाटावरच्या पोलाद कारखान्यांकडे जातो. तिथेही वाद धुळीचाच आहे, वास्कोच्या लोकांना त्याबद्दल विचारायची गरज नाही. पारादीपला मात्र सुपीरियरचाच क्रम: ओडिशातल्या खाणींचा कोळसा गाडीने बंदरात, तिथून जहाजाने तमिळनाडूतल्या वीजकेंद्रांकडे. जिथे रूळ तुंबतात आणि वीजकेंद्र पाण्याकाठी असतं, तिथे हा हिशेब पुन्हा जमतो.

सुपीरियरचा हिशेब मात्र आता बिघडत चालला आहे, आणि त्यात धक्क्याची काही चूक नाही. गिऱ्हाईक एकेक करून गेले. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने कोळशावरची वीज पूर्ण बंद केली, नँटिकोकचं अवाढव्य केंद्र २०१३ मध्ये थांबलं. मिशिगनमधलं प्रेस्क आयल केंद्र २०१९ मध्ये, सेंट क्लेअर केंद्र २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या शेजारचं बेल रिव्हर केंद्र नैसर्गिक वायूवर वळवायचा निर्णय खुद्द डीटीईने घेतला. म्हणजे ज्या कंपनीने हा धक्का स्वतःच्या कोळशासाठी बांधला, तीच त्याचं काम कमी करते आहे. वायू पाइपमधून येतो. त्याला गाडी लागत नाही, जहाज लागत नाही, काठावरचा ढीगही लागत नाही.

यात जहाजाला फारशी चिंता नाही. त्याच्या खणात लोहखनिजाच्या गोळ्या भरता येतात, आणि गोड्या पाण्यात गंज कमी धरत असल्याने ही जहाजं पन्नास-पन्नास वर्षं सहज चालतात. रेल्वेच्या वॅगन दुसऱ्या खाणीकडे, दुसऱ्या वीजकेंद्राकडे जातील. अडतो तो धक्का. फिरत्या कपलिंगच्या वॅगनसाठी बांधलेला टिपलर कोळशाशिवाय फारसा कुणाला लागत नाही. लोहखनिज वेगळ्या, तळातून रिकाम्या होणाऱ्या वॅगनमधून येतं, आणि त्याचे धक्के डुलुथ, सुपीरियर आणि टू हार्बर्सला आधीपासूनच आहेत. धान्य कोळशाच्या पट्ट्यावर कुणी टाकू देणार नाही. चुनखडी आणि मीठ जहाजातून इथे येतं, गाडीतून नाही, म्हणजे त्यासाठी सगळी यंत्रणा उलट्या दिशेने चालवावी लागेल, आणि ही यंत्रणा तशी चालत नाही.